सिगारेट सुटली, पण हात रिकामा राहिना

सिगारेट सोडून एकोणीस दिवस झाले होते. रात्रीचे साडेअकरा वाजलेले, घर झोपलेलं. मी स्वयंपाकघरात दिवा न लावता फ्रीजचं दार उघडून उभा होतो. एका हातात जॅमची बाटली, दुसऱ्यात चमचा. ब्रेड वगैरे काही नाही, नुसता जॅम. तिसरा चमचा तोंडात गेला तेव्हा लक्षात आलं की मला भूक लागलेलीच नाही. दोन तासांपूर्वी पोटभर जेवलो होतो. गेली सोळा वर्षं याच वेळेला मी गॅलरीत जाऊन दिवसातली शेवटची सिगारेट ओढत आलो होतो. आता गॅलरीऐवजी फ्रीज, एवढाच फरक.

पुढच्या चार महिन्यांत माझं वजन सहा किलोंनी वाढलं. भेटेल तो म्हणायचा, "तब्येत सुधारली की!" मी हसायचो आणि मनात म्हणायचो, यापेक्षा ओढत होतो तेच बरं होतं. हा विचार फार लबाड आहे. सोडलेली सिगारेट परत पेटवताना अनेकजण स्वतःला हेच कारण देतात. मी डॉक्टर नाही. स्वतः केलेल्या चुका आणि नंतर वाचून, विचारून, करून पाहून जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

आधी आकडे, म्हणजे भीती मापात राहील

२०१२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ६२ अभ्यास एकत्र करून केलेलं विश्लेषण छापून आलं होतं. कुठलंही औषध न घेता सिगारेट सोडलेल्या लोकांचं वजन पहिल्या महिन्यात सरासरी १.१ किलो वाढलं, तीन महिन्यांत २.९ किलोच्या आसपास आणि वर्षभरात ४.७ किलो. म्हणजे वाढीचा मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांतच होतो, पुढे वेग मंदावतो. पण सरासरीच्या पोटात बरंच काही दडलेलं असतं. त्यातल्या सुमारे १६ टक्के लोकांचं वजन वर्षाअखेरीस चक्क कमी झालं होतं आणि सुमारे १३ टक्के लोकांचं १० किलोंहून जास्त वाढलं होतं. तुम्ही यात कुठे बसाल हे आधी सांगता येत नाही, पण वाढ अटळ आहे हे काही खरं नाही.

वजन वाढतं ते दोन बाजूंनी. निकोटीन शरीराचं इंजिन थोडं जास्त वेगाने चालवतं. दिवसाला पाकीटभर ओढणाऱ्याचा ऊर्जाखर्च त्यामुळे साधारण १० टक्क्यांनी, म्हणजे २०० कॅलरींच्या आसपास वाढलेला असतो. सिगारेट सुटली की ही फुकटची उधळपट्टी थांबते. दुसरी बाजू मेंदूची. भूक सांभाळणाऱ्या भागावर, हायपोथॅलॅमसवर, निकोटीन थेट काम करतं आणि 'पुरे' हा निरोप लवकर पोचवतं. तो हात सुटला की काही आठवडे भूक खरोखरच जास्त लागते. ते तुमच्या मनाचे खेळ नसतात. त्यात काही दिवसांत जिभेची चव आणि नाकाचा वास परत येतो. मला तर साध्या टोमॅटोला इतका वास असतो हे विसरायलाच झालं होतं.

आता हिशेब करा. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. रोजच्या जास्तीच्या २०० कॅलरींनी किलोभर वजन चढायला पाच-साडेपाच आठवडे लागतात. म्हणजे नुसत्या चयापचयामुळे महिन्याला किलोसुद्धा वाढत नाही. माझे सहा किलो चार महिन्यांत आले, त्यातला अर्धाअधिक वाटा हातात चमचा घेऊन मीच आणला होता. हे कळल्यावर मला वाईट वाटण्याऐवजी हायसं वाटलं, कारण तेवढा भाग आपल्या हातातला आहे.

आणि सिगारेट ओढून बारीक राहता येतं ही समजूत आपोआप आलेली नाही. १९२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत 'लकी स्ट्राइक'ची जाहिरातच होती की गोड खाण्याऐवजी लकी घ्या. गोळ्या-चॉकलेटवाल्यांनी त्यावर आरडाओरडा केला होता. प्रत्यक्षात ओढणाऱ्यांचं एकूण वजन कमी दिसलं तरी चरबी पोटावर साठण्याकडे त्यांचा कल जास्त असतो, आणि तीच चरबी हृदयाला नको असते.

क्रम ठरवा: आधी सिगारेट, मग वजन

मी केलेली सगळ्यात मोठी चूक म्हणजे तिसऱ्या आठवड्यात घाबरून कडक डाएट सुरू केलं. सकाळचं खाणं बंद, रात्री नुसतं सूप. चौथ्या दिवशी दुपारी मी सिगारेटच्या दुकानासमोर उभा होतो. निकोटीनविना चिडलेला मेंदू आणि उपाशी पोट यांची एकमेकांत भर पडते. दोन्ही सांगतात 'काहीतरी हवंय', आणि ते काहीतरी म्हणजे काय, हे ओळखायला मेंदू सोळा वर्षं शिकलेला असतो.

म्हणून पहिले चार ते सहा आठवडे वजन कमी करायचं नाही. वाढ आटोक्यात ठेवायची, एवढंच. मी स्वतःला दोन-तीन किलोंची सूट द्यायला हवी होती, तुम्ही जरूर द्या. ही सूट म्हणजे वाटेल ते खायची परवानगी नव्हे. काट्यावर आकडा हलला म्हणून हातपाय गाळायचे नाहीत, एवढाच तिचा अर्थ. वाढलेल्या वजनासकटसुद्धा सिगारेट सोडण्याचा हृदयाला होणारा फायदा टिकून राहतो, हे लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासांत दिसलेलं आहे.

सिगारेटींची यादी करा, खाण्याची नंतर

डायरीत खाल्लेलं लिहून काढा, असं सगळेच सांगतात. त्याआधी एक वेगळी यादी करा. तुम्ही दिवसाला ज्या सिगारेटी ओढत होतात (किंवा अजून ओढताय, सोडायचा दिवस ठरायचाय), त्या प्रत्येकीसमोर ती काय काम करत होती ते लिहा. माझ्या चौदा सिगारेटींची यादी साधारण अशी निघाली: सकाळची पहिली, डोळे उघडायला. दोन कॉफीबरोबर, नुसती सवय. तीन ऑफिसात, खरं तर खुर्चीवरून उठायचं निमित्त. जेवण झाल्यावर प्रत्येकी एक. एक-दोन कुणाशी वाजलं की. घरी पोचल्यावर दाराबाहेर एक, ऑफिस डोक्यातून काढायला. मित्रांबरोबरच्या, गप्पा लांबवायला. आणि ती रात्रीची शेवटची, 'आजचा दिवस संपला' असं सांगणारी.

ही यादी समोर आली तेव्हा मला एक गोष्ट लख्ख दिसली. माझ्या सिगारेटी म्हणजे पूर्णविराम होते. जेवण संपलं, मीटिंग संपली, भांडण संपलं, दिवस संपला. ते पूर्णविराम एका दिवसात पुसले गेल्यावर वाक्य संपतच नव्हतं. जेवण झाल्यावर मी ताटावरून उठतच नव्हतो, चिवडत बसायचो, कारण जेवण संपल्याची खूणच नाहीशी झाली होती. खाणं वाढलं ते तिथे.

तेव्हा प्रत्येक सिगारेटीला दुसरा पूर्णविराम शोधा, आणि तो शक्यतो खाण्याचा नको. जेवण झाल्यावर लगेच दात घासणं हा मला सापडलेला सगळ्यात चांगला उपाय. तोंडात पेस्टची चव आली की पुढचं खाणं बेचव लागतं, आणि जेवण संपलं हे शरीराला कळतं. घरी पोचल्यावर कपडे बदलून तोंड धुणं. रात्रीसाठी गॅलरीत तेवढाच वेळ उभं राहणं, हातात गरम पाण्याचा पेला. हो, त्याच गॅलरीत. काहीजणांना जुनी जागा टाळलेली बरी पडते, मला तिथलं वारं हवं होतं. तुमचं तुम्ही ठरवा.

ऑफिसातल्या तीन सिगारेटींबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण याचा विचार फारसा कुणी करत नाही. एका सिगारेटीला पाच-सहा मिनिटं धरली तर चौदा सिगारेटी म्हणजे दिवसाला तासाभराहून जास्त सुट्टी. सिगारेट सुटली आणि माझी ती सुट्टीही गेली. मी सलग चार-चार तास खुर्चीत बसायला लागलो. उठायला एकच सन्मान्य कारण उरलं होतं, ते म्हणजे काहीतरी खायला आणणं. सिगारेट सोडा, सुट्टी सोडू नका. त्याच वेळी उठा, बाहेर जा, पाच मिनिटं चालून या. कुणी विचारलं तर खुशाल सांगा, 'सिगारेट न ओढायला चाललोय.'

भूक कुठली, ते ओळखा

खायची इच्छा झाली की मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: हे पोट मागतंय, तोंड मागतंय, की मन मागतंय?

पोटाची भूक हळूहळू येते आणि तिला नखरे नसतात. शिळी पोळी चालेल, सफरचंद चालेल, डाळ चालेल. समोर साधं काहीतरी खायला असताना 'हे नको, ते हवं' असं होत असेल तर ती बहुतेक पोटाची भूक नाही. पोटाची असेल तर खा, आणि नीट खा. तिच्याशी झुंजून काही मिळत नाही.

तोंडाची भूक म्हणजे खरं तर हाताची भूक. एका सिगारेटीचे दहा झुरके धरले तर माझा हात दिवसाला एकशे चाळीस वेळा तोंडाशी जात होता. सोळा वर्षं. तो हात एका दिवसात गप्प कसा बसेल? तो शिवशिवतो, आणि समोर चिप्सचं पाकीट असलं तर तळाशी जाईपर्यंत थांबत नाही. या भुकेला चाळा द्यायचा, कॅलरी नाहीत. गाजराचे आणि काकडीचे लांब तुकडे, थंड पाण्यात स्ट्रॉ, बडीशेप, बिनसाखरेचं च्युइंगम. फक्त च्युइंगमच्या गोडव्यासाठी वापरलेलं सॉर्बिटॉल जास्त झालं तर पोट बिघडतं, माझं आठवड्याभरात बिघडलं होतं. हातासाठी पेन्सिल, किल्ली, रबरबँड, काहीही. माझ्या खिशात सहा महिने एक गुळगुळीत गोटा होता.

मनाची भूक अचानक येते, एकाच पदार्थाचं नाव घेऊन येते आणि खाऊन झाल्यावर अपराधी वाटायला लावते. तिच्याकडे पुढे येतो.

तलफ आणि खा-खा या जुळ्या बहिणी

सिगारेटची एकेक तलफ साधारण तीन ते पाच मिनिटं जोरात असते, मग ओसरते. अचानक आलेली खा-खासुद्धा बऱ्याचदा अशीच चढते आणि उतरते. व्यसनांवर काम केलेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट याला लाटेची उपमा द्यायचे: लाटेशी लढू नका, तिच्यावर तरंगा.

ऐकायला हे फार काव्यमय वाटतं. करायचं ते असं. बिस्किटांच्या डब्याकडे हात गेला की घड्याळ बघा आणि दहा मिनिटं थांबा. 'नाही' म्हणू नका, 'दहा मिनिटांनी' म्हणा. त्या वेळात इच्छा शरीरात नेमकी कुठे जाणवतेय ते बघा. जबडा आवळलाय का, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय का, छातीत पोकळी आहे का. माझ्या बाबतीत ती नेहमी खालच्या जबड्यात असायची, अगदी सिगारेट धरल्यासारखी. श्वास सावकाश आत, त्याहून सावकाश बाहेर. (झुरका घेताना आपण नकळत दीर्घ श्वासच घेत होतो, हे विसरू नका. सिगारेटीतला निदान तेवढा भाग फुकट मिळतो.) दहा मिनिटांनी अजून हवंच असेल तर एका बशीत दोन बिस्किटं काढा, डबा बंद करून जागेवर ठेवा आणि टेबलाशी बसून खा. पाकिटातून उभ्याने खाल्लेलं मोजलंच जात नाही.

जेवणाचं वेळापत्रक, थोडं कंटाळवाणं असलं तरी

बरेच ओढणारे सकाळी सिगारेट आणि कॉफीवर भागवतात. मीही त्यातलाच. सिगारेट गेली, पण नाश्ता सुरू केला नाही, तर अकरा वाजता जी भूक येते ती राक्षसी असते. म्हणून पहिले काही आठवडे तीन ते चार तासांच्या अंतराने काहीतरी ठरलेलं खा. प्रत्येक जेवणात प्रथिनांचं काहीतरी असू द्या: अंडी, दही, डाळी, कडधान्यं, मासे, जे तुमच्या ताटात बसेल ते. प्रथिनं आणि तंतुमय पदार्थ पोटात जास्त वेळ टिकतात. भाज्या, फळं आणि पाणी वाढवायला आणखी एक कारण आहे, ज्याबद्दल लोक लाजून बोलत नाहीत: सिगारेट सोडल्यावर अनेकांना काही आठवडे बद्धकोष्ठता होते. पोट जड वाटतं, पॅंट घट्ट होते, आणि माणूस त्यालाच चरबी समजतो.

घरात काय आणता यावर इच्छाशक्तीपेक्षा जास्त अवलंबून असतं. जॅमची बाटली संपल्यावर मी सहा महिने नवी आणली नाही, बस्स. मात्र घरातल्या सगळ्यांचा खाऊ बंद करून त्यांचा रोष ओढवून घेऊ नका. त्यांचा डबा वेगळा, वरच्या फळीवर, अपारदर्शक.

मनाला भूक लागते तेव्हा

सोडल्यानंतरच्या दुसऱ्या महिन्यातली एक दुपार. फोनवर एका माणसाने मला वाटेल ते सुनावलं आणि मी, जो एरवी बाहेर जाऊन सिगारेट पेटवून पाच मिनिटांत थंड होत असे, 'हो, बरं, बघतो' म्हणून फोन ठेवला. वीस मिनिटांनी टेबलावर चॉकलेटचा चुरगळलेला कागद होता. मोठं चॉकलेट, घरी नेण्यासाठी घेतलेलं. पहिल्या दोन तुकड्यांची चव आठवते, बाकीचं कधी गेलं ते नाही. राग मात्र जिथल्या तिथे होता, शिवाय त्यात स्वतःवरच्या रागाची भर.

सिगारेट भावना सोडवत नव्हती, झाकत होती. झाकण निघालं की खाली जे होतं ते सगळं वर येतं, कधीकधी वर्षानुवर्षांचं. त्यातच निकोटीन सुटल्यामुळे पहिले दोन ते चार आठवडे चिडचिड, उदासी, बेचैनी असतेच. अशा वेळी गोड, तेलकट खाणं खरोखर क्षणभर दिलासा देतं. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. फक्त तो दिलासा दहा मिनिटं टिकतो आणि रोज थोडा जास्त डोस मागतो. हा व्यवहार आपल्या चांगलाच ओळखीचा असायला हवा.

माझ्या बाबतीत जे चाललं ते एवढंच: भावनेला नाव द्यायचं, शक्य तितकं नेमकं. 'बरं वाटत नाहीये' हे नाव नाही. 'त्याने सगळ्यांसमोर मला गप्प केलं याचा राग आलाय' हे नाव. कागदावर एक वाक्य लिहायचं, मोबाइलवर लिहिलं तरी चालेल. नाव मिळालं की गरज दिसायला लागते. राग असेल तर शरीराला जोर लावायला हवा: जिने चढा, भरभर चाला, गादी झटका. एकटेपण असेल तर कुणालातरी फोन, आणि फोनवर खाण्याबद्दल बोललंच पाहिजे असं नाही. कंटाळा असेल तर हात गुंतवणारं काम. थकवा असेल तर झोप. यातल्या थकव्याला सगळ्यात जास्त वेळा भूक समजलं जातं, विशेषतः रात्री दहानंतर. मला जॅम नको होता, झोप हवी होती. झोप कमी पडली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि गोडाची ओढही, त्यामुळे तिथे केलेली कंजुषी दुप्पट महाग पडते.

कधीकधी सगळं ओळखूनही खावंसं वाटतं. मग ठरवून खा. सिगारेट सोडलेल्या माणसाने आइस्क्रीमसुद्धा सोडावं असा काही नियम नाही. बसून, चवीने, मोबाइल बाजूला ठेवून एक वाटी. मला भीती वाटते ती त्या वाटीची नाही, अंधारात फ्रीजसमोर उभं राहून खाल्लेल्या चमच्यांची.

एक वेगळी गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. थोड्या वेळात खूप जास्त खाणं, थांबता येत नाहीये अशी भावना, लपून खाणं, नंतर स्वतःची घृणा वाटणं, आणि हे आठवड्यातून एकदा तरी घडून महिनोन्‌महिने चालू राहणं: हा खाण्याचा विकार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. तसंच उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली किंवा जगणं नकोसं वाटायला लागलं तर वाट न बघता डॉक्टरांना भेटा. यात सिगारेट परत सुरू करणं हा उपाय नव्हे.

कॉफीचा एक छुपा डाव

हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. सिगारेटच्या धुरातली काही रसायनं यकृतातल्या एका एन्झाइमचा वेग वाढवतात, आणि कॅफीन शरीराबाहेर काढण्याचं काम तेच एन्झाइम करतं. सिगारेट सुटल्यावर काही दिवसांत त्याचा वेग उतरतो, आणि तेवढीच कॉफी प्यायली तरी रक्तातलं कॅफीन जवळपास दुप्पट होऊ शकतं. छातीत धडधड, हात थरथरणं, रात्री टक्क जाग. आपण समजतो निकोटीनची तलफ आहे, आणि ती भागवायला आणखी कॉफी पितो, बरोबर बिस्किटं. सोडायच्या दिवसापासूनच चहा-कॉफी निम्म्यावर आणा, दुपारनंतरची तर बंदच.

हाच परिणाम काही औषधांवरही होतो, उदाहरणार्थ मानसिक आजारांवरची क्लोझापिन, ओलान्झापिन, दम्यावरचं थिओफिलिन. ती चालू असतील तर सिगारेट सोडण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं, डोस बदलावा लागतो. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेत असाल तर सुरुवातीचे काही महिने साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा.

चालणं, आणि थोडं वजन उचलणं

व्यायामाबद्दल फार लांबण लावत नाही. दहा-पंधरा मिनिटं भरभर चाललं की सिगारेटची तलफ त्या वेळेपुरती कमी होते, हे अनेक प्रयोगांत दिसलंय, आणि माझ्या जबड्यालाही पटलंय. म्हणजे चालण्याचं मुख्य काम कॅलरी जाळणं हे नाहीच, ते तलफेचं औषध आहे. अर्धा तास भरभर चालण्याने जेमतेम दीडशे कॅलरी जातात, म्हणजे दोन-तीन बिस्किटं. 'आज चाललो, आता खायला हरकत नाही' हा हिशेब नेहमी तोट्यात जातो. आठवड्यातून दोनदा वजनं उचलणं किंवा बैठका, जोर असं काहीतरी करा, स्नायू टिकतात. पहिल्या आठवड्यांत खोकला वाढला, दम लागला तर वेग कमी करा. छातीत दुखलं तर थांबा आणि लगेच दाखवा.

औषधांची मदत घ्यायला लाजू नका

निकोटीन गम, लॉझेंज, पॅच, किंवा डॉक्टरांनी लिहून दिलेलं ब्युप्रोपिऑन, व्हॅरेनिक्लिन. यांनी सिगारेट सुटण्याची शक्यता वाढते, आणि ती चालू असेपर्यंत वजनवाढही काहीशी कमी राहते. औषध बंद झाल्यावर हा दुसरा फायदा बराचसा ओसरतो. पण मधल्या दोन-तीन महिन्यांत खाण्याच्या सवयी बसवायला उसंत मिळते, आणि मला वाटतं हीच त्यांची खरी किंमत. गम चघळायचं तंत्र वेगळं आहे: तिखटसर चव येईपर्यंत चावायचं, मग गालात धरून ठेवायचं, चव गेली की परत. च्युइंगमसारखं सलग चघळलं तर निकोटीन पोटात जातं, मळमळतं, आणि ते थांबवायला माणूस खातो. फिट येण्याचा त्रास किंवा ॲनोरेक्सिया, बुलिमियासारखा खाण्याचा विकार कधी झाला असेल तर ब्युप्रोपिऑन चालत नाही. हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा.

काटा आठवड्यातून एकदा

ठरलेल्या वारी, सकाळी, काही खाण्याआधी. रोज काट्यावर चढलात तर पाण्याची वर-खाली चरबी समजून जीव जाईल. अजिबात चढला नाहीत तर माझ्यासारखे चार महिन्यांनी एकदम दचकाल. बरोबर कमरेला टेप लावा.

सहा आठवडे झाले, सिगारेटचा विचार दिवसातून पन्नास वेळांऐवजी चार-पाच वेळा यायला लागला, की मग वजनाकडे वळा. तेही एका वेळी एकच बदल. मी आधी गोड पेयं बंद केली. तीन आठवड्यांनी रात्रीचं जेवण तासभर अलीकडे आणलं. मग ताट लहान केलं. रोज तीनशे-चारशे कॅलरींची कपात पुरते, त्याहून जास्त केली की जुनी तलफ डोकं वर काढते. तसं झालं तर कपात थांबवायची आणि दोन आठवडे वजन आहे तिथेच राहू द्यायचं.

चमचा परत जॅममध्ये गेला तर

जाईलच. एका संध्याकाळी सगळं बिनसतं आणि आपण म्हणतो, 'झालं ना आता वाटोळं, मग उरलेलंही खाऊ.' मूळ घसरणीपेक्षा हे 'मग' जास्त नुकसान करतं, आणि पुढचं पाऊल 'मग सिगारेट तरी का सोडायची' हेच असतं. दोन्ही खाती वेगळी ठेवा. जास्त खाल्लं ते खाण्याच्या खात्यात, सिगारेटचा दिवस मात्र न ओढलेलाच लिहायचा. दुसऱ्या दिवशी उपास करून प्रायश्चित्त घ्यायचं नाही, त्याने संध्याकाळी परत तेच होतं. पुढचं जेवण नेहमीच्या वेळी, नेहमीएवढं. आणि काल नेमकं काय झालं होतं ते त्या सिगारेटींच्या यादीत शोधा. बहुतेक वेळा एखादा पूर्णविराम अजून रिकामाच राहिलेला सापडतो. माझ्या यादीत तो मित्रांबरोबरच्या गप्पांचा होता, तो भरायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

माझ्या सहा किलोंपैकी साडेतीन उतरायला अकरा महिने लागले. उरलेले अडीच अजून अंगावर आहेत. जुन्या दोन पॅंटी मी देऊन टाकल्या.